नोंदणी क्रमांक खरा, कंपनीही खरी, मग पैसे गेले कसे?

तिलकनगरकर

नमस्कार मंडळी. मजकूर मोठा आहे, पण पूर्ण वाचावा ही विनंती, कारण यात आपल्या इंदूरचं नाव गुंतलं आहे.

माझे मामा नाशिकला असतात. वीज मंडळातून निवृत्त, वय सहासष्ट. शेअर बाजार त्यांना नवा नाही, पण दोन-चार मोठ्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवायचे आणि लाभांश जमा झाला की समाधान मानायचं, एवढाच त्यांचा व्यवहार. गेल्या वर्षी त्यांना फोन आला. पलीकडच्या मुलाचं पहिलंच वाक्य, "सर, हम सेबी रजिस्टर्ड हैं, इंदौर से बोल रहे हैं." मामांनी नोंदणी क्रमांक मागितला. 'आयएनए' आणि पुढे नऊ आकडे. सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांनी तो स्वतः पडताळला. नाव जुळलं, ए.बी. रोडवरचा पत्ताही जुळला. त्यानंतरच विश्वास ठेवला.

सुरुवात सात हजारांच्या पॅकेजपासून झाली. लगेच "तुमची प्रोफाइल वरच्या सेवेसाठी मंजूर झाली" म्हणून पुढची रक्कम, मग जीएसटी, मग "आता अर्धवट सोडलं तर आधीचेही अडकतील" म्हणून आणखी. एकाच माणसाला एकाच महिन्यात तीन-तीन पॅकेजं. फीपोटी सव्वाचार लाख गेले. त्यांच्या टिपांवर फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे वायदे बाजारात, जे बुडालं ते वेगळंच.

मामांच्या ईमेलमध्ये मला एक पीडीएफ सापडली. 'रिस्क प्रोफायलिंग'चा फॉर्म. वार्षिक उत्पन्न दहा ते पंधरा लाख (पेन्शन त्याच्या निम्मीही नाही), वायदे बाजाराचा अनुभव पाच वर्षांहून जास्त (एका दिवसाचाही नाही), तोटा सोसायची तयारी 'उच्च'. मामांनी हा फॉर्म भरलाच नव्हता. फोनवर चार प्रश्न विचारून पलीकडच्यानेच खुणा केल्या आणि ओटीपी मागून घेऊन मामांची 'संमती' नोंदवली. निवृत्त माणसाला ऑप्शनच्या टिपा विकायच्या तर कागदावर तो तसा दिसायला हवा, म्हणून हा फॉर्म.

कायदा काय सांगतो ते पाहा. सेबीचे गुंतवणूक सल्लागार विनियम २०१३ चे. सल्ला ग्राहकाला झेपणारा असावा, त्यासाठी आधी त्याची जोखीम खरोखर तपासावी, हे पहिल्या दिवसापासून त्यात आहे. पुढे २७ डिसेंबर २०१९ चं परिपत्रक आलं. ते वाचलं की इंदुरातल्या कॉल सेंटरांमधला एकेक डाव डोळ्यांपुढे उभा राहतो. मोफत ट्रायल बंद, फी फक्त बँकेमार्फत, जोखमीच्या फॉर्मवर ग्राहकाची ईमेलने किंवा कागदावर संमती मिळेपर्यंत सल्ला द्यायचा नाही, तक्रारींची स्थिती स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवायची. २०२० मध्ये फीवर मर्यादा घातली: ठरीव फी असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला कमाल सव्वा लाख. आता ती मर्यादा १ लाख ५१ हजार आहे. म्हणजे मामांकडून घेतलेली रक्कम सरळसरळ बेकायदा.

नियम कमी पडले असं मी म्हणणार नाही. इंदूरच्या सल्लागार कंपन्यांविरुद्ध सेबीने किती आदेश काढलेत ते त्यांच्या संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतं. इथला पत्ता पुन्हा पुन्हा येतो. सेबीने इंदुरात स्थानिक कार्यालयही उघडलं. तरी हा धंदा वर्षानुवर्षं चालला. माझं म्हणणं असं की नोंदणी देणं हे नियामकाचं सोपं काम. पदवी, 'एनआयएसएम' या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची परीक्षा, कागद तपासले आणि क्रमांक दिला. क्रमांक दिल्यानंतर तो माणूस ग्राहकाशी कसा वागतो, हे पाहणं हे खरं काम, आणि तिथेच ढिलाई राहते. तोवर तोच सरकारी क्रमांक विक्रीचं सगळ्यात धारदार हत्यार बनतो. मामा 'सेबी' या शब्दाला भुलले, कंपनीला नव्हे.

मी त्या पत्त्यावर जाऊन आलो. दाराला कुलूप, पाटी काढलेली, भिंतीवर चार स्क्रू तेवढे शिल्लक. शेजारच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधीच गेले.

तुमच्या तुमच्या धंद्यात नियामकाचा अनुभव कसा आहे? नमकीन, औषधं, सोनं, प्लॉट, काहीही. इथे लिहा.


स्कीमचौपन्न

विजयनगरजवळ आमचं घर आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही मुलं भाड्याने ठेवतो. मधली काही वर्षं त्यातली निम्मी मुलं ॲडव्हायझरीतच, म्हणजे असल्या सल्लागार कंपन्यांत, नोकरीला होती. देवास, खंडवा, शाजापूरकडची, बी.कॉम. झालेली, वागायला चांगली. रात्री गच्चीवर सराव चालायचा. एक ग्राहक व्हायचा, दुसरा कॉलर.

त्यांच्याकडे एक वही असायची. डाव्या पानावर ग्राहकाचं वाक्य, उजव्या पानावर आपलं उत्तर. "मुझे सोचना है" म्हणाला तर काय म्हणायचं, "बेटे से पूछूँगा" म्हणाला तर काय. "बेटे से पूछूँगा"च्या समोर लिहिलं होतं: "सर, पैसा आपने कमाया या बेटे ने?" मला ते वाचून कसंसंच झालं होतं. साठीच्या माणसाच्या अभिमानावर बोट ठेवायला त्या पोरांना शिकवलं होतं.

त्यांना शेअर बाजारातलं काही येत नव्हतं, आणि टिपा देणारा वेगळा बसतो असं ती सांगायची. सेबीच्या नियमाप्रमाणे सल्ला देणाऱ्याकडे एनआयएसएमचं प्रमाणपत्र हवं. पण ही मुलं कागदोपत्री 'सल्ला' देत नव्हती, 'सेवा विकत' होती. टार्गेट झालं नाही की पगार कापायचे. त्यातला एक जण तीन महिन्यांनी काम सोडून गावी गेला आणि वडिलांबरोबर किराणा दुकानात बसला.

तिलकनगरकर दादा, तुमच्या मामांना म्हणावं, यात त्यांचा दोष नाही. समोरचा रोज रात्री तालीम करून बसलेला होता.


सेवभांडार_मल्हारगंज

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. आमची नमकीनची तिसरी पिढी. तुम्ही म्हणता नियामक नंतर येत नाही. आमच्याकडे येतो, पण केव्हा? राखीला आणि दिवाळीच्या आधी. मार्च-एप्रिलमध्ये कोणी फिरकत नाही. बेसन काय फक्त कार्तिकातच खराब होतं?

नमुना घेण्याची पद्धत कायद्यात चांगली लिहिली आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. घेतलेल्या मालाची किंमत दुकानदाराला द्यायची. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील. हे सगळं दुकानदाराला माहीत असायला हवं, आणि बहुतेकांना नसतं. चौथ्या भागाची मागणी करता येते हे आमच्या गल्लीत मोजक्या लोकांना ठाऊक आहे.

प्रत्यक्षात एका दिवाळीत आमच्या दुकानातून लौंग सेव आणि मिक्श्चरचे नमुने नेले. दुसऱ्या दिवशी पेपरात दुकानाचं नाव, फोटो, मथळा "छापेमारी". नमुने त्या काळी भोपाळच्या प्रयोगशाळेत जायचे. अहवाल आला तेव्हा देवदिवाळीही उलटून गेली होती. अहवाल स्वच्छ. त्याची एक ओळ कुठे छापून आली नाही. हंगामाच्या सर्वांत मोठ्या आठवड्यात गिऱ्हाईक दारावरून पुढे गेलं, त्याचं काय? नमुना घेणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. नाव जाहीर करायचं तर अहवालानंतर करा, आणि जो निर्दोष ठरला त्याचंही तितक्याच ठळक अक्षरात करा.

आता जे चांगलं ते सांगतो. तळणाच्या तेलाचा नियम. १ जुलै २०१८ पासून तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. अधिकारी हातात मावणारा मीटर घेऊन येतो, दांडी गरम कढईत बुडवतो, अर्ध्या मिनिटात आकडा दिसतो. १८ आला, चालू द्या. २६ आला, कढई रिकामी करा. यात ना त्याची मर्जी, ना माझी विनवणी. मी स्वतः तसा मीटर घेतला आहे आणि कारागीर रोज संध्याकाळी आकडा पाटीवर लिहितो. जुनं तेल बायोडिझेलवाले घेऊन जातात, त्याचेही पैसे मिळतात. पूर्वी तेल काळं दिसतं की नाही यावर वाद व्हायचे आणि वाद कुठे मिटायचे ते सगळ्यांना माहीत आहे.

मोजता येईल असा नियम असला की प्रामाणिक दुकानदाराला अधिकाऱ्याची भीती उरत नाही.


मोकळा_बाजार

एक विचारू? या सगळ्या खात्यांची गरज आहे का? सेववाल्या काकांची सेव वाईट असेल तर लोक दुसऱ्या दुकानात जातील. 'छप्पन दुकान'च्या खाऊगल्लीत माणसं सरकारी प्रमाणपत्र बघून जात नाहीत, चव बघून जातात. परवाना, नूतनीकरण, रिटर्न, निरीक्षक यांत लहान उद्योजकाचा जीव जातो आणि मोठा माणूस वकील ठेवून सुटतो. केंद्राने २०२३ च्या जनविश्वास कायद्यात ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदी बदलल्या, अनेक ठिकाणी तुरुंगाऐवजी दंड आणला. त्याच दिशेने आणखी पुढे जायला हवं. आणि तिलकनगरकर, राग मानू नका, पण मामा शिकलेले आहेत. चौथ्यांदा पैसे मागितल्यावर तरी थांबायला हवं होतं.


औषधीवाला

मोकळा_बाजार, तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण माझं मेडिकलचं दुकान आहे आणि २०२५ चा ऑक्टोबर माझ्या डोक्यातून जात नाही.

छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या भागात लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. खोकल्याचं औषध घेतलेली मुलं. वीसहून जास्त लेकरं गेली. 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप, बनलं तामिळनाडूत कांचीपुरमला. मध्य प्रदेशाने कळवल्यावर तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने कारखान्यात जाऊन नमुने घेतले आणि काही दिवसांत नव्हे, लगोलग तपासले. डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का. कारखान्यात साडेतीनशेहून जास्त त्रुटी सापडल्या. पुढे परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली.

आता सांगा, परासियाच्या आईने चव बघून काय ओळखलं असतं? डायएथिलीन ग्लायकॉल गोडच लागतं. डॉक्टरला कळत नाही, मला दुकानदाराला कळत नाही. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख, सगळं छापलेलं असतं. साडेतीनशे त्रुटी एका रात्रीत होत नाहीत. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली त्या कारखान्याला परवाना होता. मुलं गेल्यावर जी तपासणी झाली, ती आधीच्या वर्षांत कोणी, कशी केली? १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच विषाने माणसं गेली होती, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

सेव चाखता येते. औषध चाखून कळत नाही, शेअरची टिप चाखून कळत नाही, सोन्याचा कस डोळ्यांनी दिसत नाही. जिथे गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही तिथे कोणीतरी आत जाऊन बघणारा लागतोच. तो कमी करा म्हणणाऱ्याने आधी परासियाला जाऊन यावं.


मोकळा_बाजार

औषधांच्या बाबतीत मान्य. हा फरक मी धरला नव्हता. तरी परवाना देऊन झोपणारं खातं असण्यापेक्षा नसलेलं बरं असं मला वाटतं, कारण ते खोटा विश्वास देतं.


निवृत्त_नापतौल

मी मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या, विभागात नोकरी केली. बऱ्याच दिवसांनी इथे लिहितो आहे.

मोकळा_बाजार यांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, पण त्यावरचा उपाय खातं बंद करणं नव्हे. आमच्या कामाचं उदाहरण घ्या. २००९ चा वैध मापन कायदा, १ एप्रिल २०११ पासून लागू. लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी तपासून शिक्का मारायचा, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. सियागंजातला व्यापारी काटा घेऊन येतो, आम्ही प्रमाण वजनं ठेवून पाहतो, सील लावतो, प्रमाणपत्र देतो. त्या दिवशी काटा बरोबर असतो. पण तपासणी तर तारीख ठरवून होते! शिक्क्याच्या दिवशी कोण खोटा काटा आणेल?

पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि कोणताही ग्राहक त्यात पेट्रोल मोजून मागू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. २०१७ साली उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने (एसटीएफ) पंपांच्या यंत्रात बसवलेल्या चिप पकडल्या. माप कमी द्यायच्या, आणि रिमोटवर चालू-बंद व्हायच्या. निरीक्षक आला की बंद. सील वर्षाच्या वर्षाला होत होतंच.

म्हणून मी नवीन निरीक्षकांना सांगायचो, शिक्का मारणं हे कारकुनी काम आहे. खरी तपासणी म्हणजे साध्या कपड्यांत जाऊन अर्धा किलो साखर विकत घ्यायची आणि बाहेर येऊन मोजायची. 'चाचणी खरेदी' म्हणतात तिला. त्यात बेमालूम चोर सापडतो आणि बाकीच्या दहा दुकानदारांना त्रासही होत नाही, कारण ते बरोबर देतच असतात आणि आपण कोण हे त्यांना कळतही नाही. सेबीनेही असंच करावं. आपल्याच माणसाला निवृत्त ग्राहक बनवून त्या कंपन्यांच्या फोनवर बसवावं. सल्लागाराला ग्राहकाशी झालेल्या संभाषणाची नोंद पाच वर्षं ठेवायची असते. ती मागवून ऐकायला काय हरकत आहे? स्कीमचौपन्न ताईंनी सांगितलेली वही त्या नोंदींमध्ये शब्दशः ऐकू येईल.

दिवाळीच्या मथळ्यांबद्दल सेवभांडार म्हणतात ते मी स्वतः पाहिलेलं आहे. वरून आकडा मागतात, किती नमुने, किती प्रकरणं. मग माणूस जवळच्या ओळखीच्या बाजारात जातो, जिथे दुकान उघडं आहे, मालक समोर बसला आहे, पत्ता पक्का आहे. गोदामात विनालेबल मावा उतरवणाऱ्यापर्यंत पोचायला रात्री दोन वाजता उठावं लागतं. ते करणारे अधिकारीही आहेत आणि त्यांची कोणी दखल घेत नाही.


अनुराधा_सुदामानगर

सोन्याबद्दल लिहिते, एवढंच मला माहीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असावा लागतो. सराफ्यात बांगड्या घेतल्या तेव्हा भिंगातून क्रमांक वाचला आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तिथेच टाकला. कोणत्या केंद्रात तपासलं, किती कॅरट, दागिना कोणता, सगळं आलं. क्रमांक 'अंगठी'चा निघाला असता तर तिथेच कळलं असतं. सेबीचा क्रमांक नुसतं नाव-पत्ता सांगतो. कंपनीवर किती तक्रारी, कोणती चौकशी चालू, हे त्याच पानावर, क्रमांकाला लागून का दिसत नाही?


तिलकनगरकर

अनुराधाताई, अगदी नेमकं बोललात. तक्रारींची माहिती आहे, आदेशही आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मामांनी क्रमांक पडताळला तेव्हा नोंदणी वैध आहे एवढंच कळलं. त्यांनी आदेशांचा विभाग उघडावा, इंग्रजीतले तीस-चाळीस पानांचे आदेश वाचावेत ही अपेक्षा कशी ठेवायची?

मोकळा_बाजार, राग नाही. पण "थांबायला हवं होतं" याला उत्तर स्कीमचौपन्न ताईंच्या वहीत आहे. आणि टिपा बरोबर असत्या तरी काय? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे दोन लाख, एकूण १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. ज्या नियामकाकडे हे आकडे आहेत त्याला निवृत्त माणसाला ऑप्शनच्या टिपा विकणारी कंपनी ओळखायला अवघड जाऊ नये.

सेवभांडार दादा, तुमचं आणि माझं म्हणणं उलट वाटतं, पण दुखणं एकच आहे. तुमच्याकडे मथळ्यासाठी येतात, आमच्याकडे सगळं झाल्यावर येतात. अधेमधे, न सांगता, वर्षभर कोणी येत नाही.


प्लॉटवाला_बायपास

आमच्या धंद्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. इंदुरात डायरीवर प्लॉट विकले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलनीचा नकाशा मंजूर नाही, रेरा या घर-प्लॉट योजनांच्या कायद्याखाली नोंदणी नाही, तरी ब्रोकर डायरीत नाव, प्लॉट नंबर, रक्कम लिहून देतो आणि ती डायरी तीन हातांत फिरते. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठी आणि आठहून जास्त युनिटांची योजना नोंदणीशिवाय विकायला काढता येत नाही, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहायला हवेत. डायरीत यातलं काहीच नाही. मी डायरी करत नाही, म्हणून माझे सौदे इतरांपेक्षा हळू होतात. नियम पाळणारा मागे पडतो, याची दखल नियामकाने घ्यावी. कारवाई झाली की मला दिलासा मिळतो, त्रास नाही.


सीए_पलासिया

तिलकनगरकर, मामांच्या प्रकरणात व्यावहारिक सल्ला. कंपनी नोंदणीकृत आहे म्हणून सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार होते. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागायची, ती आधी सेबीने त्यासाठी नेमलेल्या संस्थेकडे आणि पुन्हा पटलं नाही तर सेबीकडे. मुदत विसरू नका: घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हायला हवी. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या पद्धतीत हे सगळं ऑनलाइन आहे. याशिवाय 'स्मार्ट ओडीआर' या ऑनलाइन मंचावर तडजोड आणि लवादाचाही मार्ग आहे.

क्रमांक खोटा निघाला असता तर स्कोअर्सचा उपयोग नव्हता, मग १९३० वर सायबर तक्रार आणि पोलीस. बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो आणि महिने वाया जातात.

फॉर्मवरची खोटी उत्पन्नाची खूण हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पेन्शनच्या फॉर्म १६ शेजारी तो फॉर्म ठेवा. कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. पैसे परत मिळतीलच अशी खात्री मी देणार नाही. परताव्याचे आदेश निघतात, पण कंपनीच्या खात्यात काही उरलेलं असलं तर वसुली होते. लवकर करा.


स्कीमचौपन्न

ती वही माळ्यावर असण्याची शक्यता आहे. मुलं खोली सोडताना बरंच टाकून गेली होती. तक्रारीला जोडता येईल का?


सीए_पलासिया

वही त्याच कंपनीची असल्याचं सिद्ध करता आलं तरच. पण ती जपून ठेवा आणि त्यातली नावं झाकून सेबीच्या इथल्या कार्यालयाला वेगळं पत्र लिहा. विक्रीची पद्धत कशी शिकवली जाते हे त्यांना बाहेरून कळत नाही.


तिलकनगरकर

धन्यवाद, सीए साहेब. शेवटची रक्कम मामांनी गेल्या श्रावणात भरली होती, म्हणजे मुदतीत आहोत, पण फार दिवस हातात नाहीत. बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचे ईमेल, तो फॉर्म आणि पेन्शनचा कागद मी स्कॅन केला आहे. मामा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बसतील आणि तक्रार त्यांच्याच लॉगिनमधून, त्यांच्याच शब्दांत जाईल. फोनवरच्या संभाषणाच्या नोंदी कंपनीकडून मागवाव्यात ही मागणीही त्यात लिहितो आहे, नापतौलवाल्या काकांनी सुचवलं तसंच. एकवीस दिवसांनी काय उत्तर येतं ते इथेच कळवीन.